शेवटचे चार किलो उतरेनात, तेव्हा काय तपासायचं

व्यायाम चुकत नाही, जेवण बेताचं आहे, तरी काटा एका आकड्यावर अडून बसलाय. मधेच किलोभर उतरतं, महिनाभरात परत चढतं. या एकाच तक्रारीत माझी दोन वर्षं गेली. त्या काळात काय काय तपासलं, कशाचा उपयोग झाला आणि कशात नुसता वेळ गेला, ते इथे लिहिते आहे. तपासण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. मी तो उलटा धरला होता, म्हणून दोन वर्षं लागली.

आधी माझे आकडे, म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येतील. उंची १५८ सेंमी. जानेवारी २०२२ मध्ये वय ४१ आणि वजन ७४ किलो. रोज सकाळी पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर पाच किलोमीटर चालायला सुरुवात केली, संध्याकाळचं फरसाण आणि रात्रीचा भात सोडला. सप्टेंबरपर्यंत ६६ झालं. तिथून पुढे ठप्प. तीनदा ६४.५ पर्यंत गेले आणि तीनदा ६६ वर परत आले.

मला ६२ व्हायचं होतं आणि त्याला कारण होतं. भारतीय शरीरांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. माझ्या उंचीला २५ म्हणजे साधारण ६२.४ किलो. तुमचा आकडा कुठून आलाय ते आधी बघा. तो लग्नातल्या फोटोवरून आला असेल आणि बीएमआय आत्ताच २२ असेल, तर तुमचं वजन अडकलेलं नाही, ते जागेवर आहे. अशांनी, तसंच गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्यांनी, वाढत्या वयातल्या मुलामुलींनी आणि ज्यांना पूर्वी खाण्यावरून मानसिक त्रास झालाय त्यांनी खालचं मोजमाप करू नये. हे मी मनापासून सांगते आहे, कारण मोजायची सवय काही जणांना आजारी करते.

मी आधी काय केलं आणि ते का चाललं नाही

पाचाचे आठ किलोमीटर केले. दीड महिन्यात गुडघा धरला, भूक भडकली आणि दुपारी अशी पेंग यायची की उरलेला दिवस खुर्चीतून उठणं होईना. वजन तेवढंच.

मग एका क्लिनिकमधून हजार कॅलरींचा तक्ता आणला. तीन आठवड्यांत अडीच किलो उतरले आणि पुढच्या पाच आठवड्यांत सगळे परत आले. तक्ता देणाऱ्यांनी ‘मॅडम, तुमची इच्छाशक्ती कमी पडली’ असं सुनावलं. ते ऐकून मी घरी येऊन रडले होते. आज मला माहीत आहे की त्या अडीच किलोंत निम्म्याहून जास्त पाणी होतं. आपलं शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पोळी-भात एकदम तोडला की हा साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं, काटा खाली येतो. पुन्हा जेवायला लागलं की पाणी परत येतं. त्यात इच्छाशक्तीचा संबंधच नव्हता.

लिंबू-मध-कोमट पाणीही झालं. मध म्हणजे शेवटी साखरच, त्यामुळे टेबलस्पूनभर मधाने रोज साठेक कॅलरी वाढवून मी वजन उतरायची वाट बघत होते.

पहिला प्रश्न: खरंच अडकलंय का?

काट्यापासून सुरुवात करा. तो फरशीवर, रोज त्याच जागी ठेवा. चटईवर किंवा पायपुसण्यावर ठेवला तर आकडा बदलतो. तपासायची सोपी रीत: आधी स्वतःचं वजन करा, मग कणकेचं न फोडलेलं पाच किलोचं पाकीट हातात धरून करा. फरक पाचाच्या आसपास यायला हवा. माझ्या जुन्या काट्यावर तो कधी ४.२ यायचा, कधी ५.६. नुसता सेल बदलला आणि थाऱ्यावर आला.

आता मोजायची पद्धत. सकाळी उठून, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. रोज. आकडा वहीत लिहायचा आणि त्याच्याकडे बघून काहीही ठरवायचं नाही. रविवारी सात दिवसांची सरासरी काढायची आणि तिची तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी करायची. पाळी येण्याआधीच्या दिवसांत शरीर पाणी धरतं, किलो-दोन किलो सहज वाढतात, म्हणून बायकांनी पाळीच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. रात्री पापड-लोणचं झालं, बाहेरची चमचमीत भाजी झाली, तर दुसऱ्या दिवशी वाढलेला किलो मिठाने धरलेल्या पाण्याचा असतो. जिममध्ये नवीन व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंतही पाणी राहतं.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. शेवटच्या टप्प्यात रोज दीडशे कॅलरींची तूट साधली तरी महिन्याला साडेचार हजार होतात, म्हणजे अर्ध्या किलोच्या थोडं वर. आणि पाण्यामुळे काटा एका दिवसात किलोभर वरखाली होतो. महिनाभराची खरी घट त्या किलोभराच्या हेलकाव्यात दडून जाते. माझ्या जुन्या नोंदी नंतर सरासरीने मांडल्या, तेव्हा २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वजन व्यवस्थित उतरत होतं असं दिसलं. मी तेव्हा फक्त सोमवारचा आकडा बघायचे, तो हलला नाही म्हणून वैतागून सगळं सोडून दिलं होतं.

चार आठवड्यांच्या अंतराच्या दोन सरासऱ्या सारख्या आल्या, तरच वजन अडकलंय असं म्हणा आणि पुढे वाचा.

शेवटचे किलो पहिल्या किलोंसारखे का नसतात

शरीराला नुसतं पडून राहायलाही ऊर्जा लागते. तिचा अंदाज काढायला १९९० चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात: वजन गुणिले १०, त्यात उंचीचे सेंटिमीटर गुणिले ६.२५ मिळवायचे, वय गुणिले ५ वजा करायचं. बायकांनी त्यातून आणखी १६१ वजा करायचे, पुरुषांनी ५ मिळवायचे. माझं ७४ किलोला हे उत्तर १३६० येत होतं, ६६ किलोला १२८०. दिवसभराची हालचालही हलक्या शरीराला स्वस्तात पडते. आठ किलोंचं ओझं उतरल्यावर त्याच टेकडीवर तेच पाच किलोमीटर चालायला कमी ऊर्जा लागते. सगळं धरून माझा दिवसाचा खर्च सव्वाशे कॅलरींनी कमी झाला होता. एक पोळी आणि वर थोडं तूप, एवढा.

फरसाण आणि भात सोडून मी जी तूट साधली होती, त्यातले सव्वाशे शरीराने असे कापले. उरलेले कुठे गेले, ते शोधायला मला दोन वर्षं लागली. ते माझ्याच स्वयंपाकघरात होते.

१९९२ साली न्यू यॉर्कमध्ये एक अभ्यास झाला. कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही असं सांगणारी माणसं त्यात होती आणि आपण बाराशेहून कमी कॅलरी खातो असं ती प्रामाणिकपणे म्हणत होती. त्यांच्या शरीराचा खरा खर्च मोजला तेव्हा तो व्यवस्थित निघाला. आपलं खाणं ती सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. मी खोटं बोलत नव्हते! त्यातलं कोणीच खोटं बोलत नव्हतं. जे मोजलं जात नाही ते आठवतच नाही, एवढंच.

तेलाचा कॅन

सगळ्यात आधी हे तपासा, कारण याला काही वजन करावं लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही. तेलाचा नवा कॅन फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहा. संपेल त्या दिवशी परत बघा.

आमच्याकडे चार माणसं, पाच लिटरचा कॅन. तो ३१ दिवसांत संपला. भागाकार केला तर माणशी दिवसाला ४० मिली. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ४० मिलीच्या ३३० होतात. तूप, खोबरं आणि दाण्याचं कूट यात धरलेलंच नाही. तळणीतलं थोडं तेल कढईत उरतं, टाकलं जातं, ते वजा करा. तरी आकडा मोठाच राहतो.

आणि आमच्याकडे रोज काही भजी होत नव्हती. तेल जात होतं फोडणीत, कारण मी बाटली कढईवर धरून ओतत होते. घडीच्या पोळीच्या घडीत जात होतं, कणीक मळताना जात होतं, थालीपिठाच्या भोकाभोकांतून जात होतं. भाजी ‘कोरडी वाटते’ म्हणून वरून आणखी एक पळी. एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० कॅलरी. मोजलं नाही तर हा चमचा कुठेच दिसत नाही, भाजीची चवही त्याने फारशी बदलत नाही.

उपाय साधा केला. सकाळीच दिवसाचं सगळं तेल एका वाटीत काढून ठेवायचं: चौघांचं मिळून ११० मिली. पोळ्या, भाजी, आमटी, सगळं त्यातूनच. फोडणी चमच्याने. संध्याकाळी वाटी रिकामी झाली तर रात्रीची भाजी वाफेवर. पहिला आठवडा जड गेला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, कालवणाला तवंग नाही, आजाऱ्याचं जेवण वाटतंय.’ त्यांना मी म्हटलं, ‘आई, तुमच्या ताटात मी वरून चमचाभर घालते, पण चमच्यानेच घालते.’ मुलाच्या पोळीवर तूप आधीसारखंच राहिलं. वाढत्या वयाच्या मुलाला माझ्या वजनाची शिक्षा कशाला? पुढचा कॅन ४६ दिवस पुरला. माणशी २७ मिली. शंभर कॅलरी तिथेच सुटल्या.

उपास

हा विषय नाजूक आहे आणि मी तो श्रद्धेने करते, म्हणून लिहिते आहे. गुरुवार, दोन एकादशा आणि संकष्टी धरून महिन्याला माझे सात उपास होतात. उपास म्हणजे कमीच खाल्लं, असं मी कायम धरून चालले होते. एकदा खिचडी करायच्या आधी सगळं वजनकाट्यावर ठेवलं. एका माणसाला ७५ ग्रॅम साबुदाणा म्हणजे २६० कॅलरी, २५ ग्रॅम दाण्याचं कूट म्हणजे १४०, टेबलस्पूनभर तूप म्हणजे ११५, थोडा बटाटा. साडेपाचशे. माझं नेहमीचं दुपारचं जेवण, दोन पोळ्या, भाजी, वरण, कोशिंबीर, यापेक्षा कमीत बसतं आणि त्यात डाळ आणि भाजी असते. साबुदाण्यात स्टार्चखेरीज जवळपास काहीच नसतं, म्हणून दोन तासांत परत भूक लागते, मग राजगिऱ्याचा लाडू, केळं, बटाट्याचा कीस. संकष्टीला रात्री चंद्रोदयानंतर पूर्ण ताट आणि मोदक.

उपास सोडला नाही. खिचडीच्या जागी छोटी वाटी वरीचा भात आणि दाण्याची पातळ आमटी ठेवली, दिवसभर ताक, एक फळ, काकडी. खिचडी आषाढी आणि कार्तिकीला करते, तेव्हा मनापासून खाते.

रविवार

सोमवार ते शुक्रवार रोज अडीचशेची तूट धरली तर आठवड्याला साडेबाराशे जमतात. शनिवारी रात्री बाहेर जेवणं झालं, तिथे तीन-साडेतीनशे वर गेले. रविवारी टेकडी उतरल्यावर ग्रुपबरोबर मिसळ. दोन पाव, शेव, तर्री धरून पाचशेच्या आसपास, वर चहा. दुपारी मटण किंवा श्रीखंड-पुरी, मग झोप, संध्याकाळी भेळ. नऊशे जास्त. आठवड्याची बेरीज शून्य. पाच दिवस नीट वागल्याचं समाधान खरं असतं, त्यामुळेच ‘मी एवढं करते तरी’ हे वाक्यही खरं वाटतं.

मी मिसळ ठेवली, कारण ती माणसं मला प्रिय आहेत. त्या दिवशी दुपारचं जेवण ताक-भाकरी आणि पालेभाजी. शनिवारी बाहेर गेलो तर रविवारची पुरी नाही. दोन्हींतलं एक.

चहा आणि उरलंसुरलं यांचं लवकर सांगून टाकते. अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखरेचा चहा शंभराच्या आसपास जातो. तीन कपांचे दोन केले, साखर एक चमचा. मुलाच्या ताटातला उरलेला घास, आमटीची चव, डबा भरताना तोंडात टाकलेला चिवडा: हे तीन दिवस वहीत लिहिलं तेव्हा दिवसाला दोनशेच्या घरात गेलं. ओट्यावर वही ठेवली, तोंडात घालायच्या आधी लिहायचं ठरवलं, तेवढ्यानेच ते निम्म्यावर आलं.

हे सगळं एकदम तोडू नका. तुमच्या घरात ज्या दोन जागांहून दोनशे-अडीचशे निघतात, त्या शोधा आणि बाकीचं तसंच राहू द्या. मी आधी तेल आणि रविवार धरले.

व्यायामाकडे कसं बघायचं

माझं मनगटातलं घड्याळ टेकडीच्या एका फेरीला ३८० कॅलरी दाखवायचं आणि मी मनातल्या मनात त्या खर्चायला मोकळी व्हायचे. हिशेब असा आहे: साध्या रस्त्यावर भरभर चालणं बसण्याच्या चौपटीहून थोडं जास्त ऊर्जा घेतं. ६६ किलोच्या माणसाला पंचावन्न मिनिटांचे साधारण २६०. त्या पंचावन्न मिनिटांत नुसती बसले असते तरी साठ गेलेच असते. म्हणजे चालण्याची खरी कमाई दोनशे, टेकडीच्या चढाचे थोडे अधिक. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके त्यांतली बहुतेक ठीक मोजत होती, पण खर्च झालेल्या कॅलरींत सगळ्यात बरं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकत होतं. घड्याळ पावलं मोजायला वापरा, कॅलरीच्या आकड्यावर जेवण ठरवू नका.

दुसरी गोष्ट मी आठ किलोमीटर चालत असताना अंगावर अनुभवली. जास्त व्यायाम केला की उरलेल्या दिवसात शरीर नकळत हात आखडतं. लिफ्ट घेतली जाते, ‘जरा पाणी दे रे’ म्हणून मुलाला हाक मारली जाते, बसणं वाढतं. टांझानियातले हाड्झा लोक आजही शिकार आणि कंदमुळं गोळा करून जगतात. २०१२ साली त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा शरीराच्या आकाराचा हिशेब करता तो शहरी पाश्चात्त्य माणसांएवढाच निघाला. चालणं सोडायचं नाही. साखर, रक्तदाब, मन, झोप, सगळ्यांसाठी ते हवंच. पण चार किलो उतरवायला आणखी तीन किलोमीटर वाढवणं हा मार्ग मला तरी लाभला नाही.

लाभलं ते वजन उचलणं. आठवड्यातून दोन दिवस पाऊण तास: बैठका, डंबेल, बँडने ओढायचे प्रकार, भिंतीला टेकून जोर, मग जमिनीवर. नुसतं चालून आणि कमी खाऊन वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात आणि चाळिशीनंतर ते सहजी परत येत नाहीत. सुरुवातीच्या दहा आठवड्यांत काटा जेमतेम अर्धा किलो हलला, पण कंबर ८८ वरून ८४ सेंमी झाली. मी फक्त काटा बघत राहिले असते तर हेही सोडून दिलं असतं.

म्हणून टेप आणा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीय बायकांसाठी ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. आपल्या लोकांत पोटावरची चरबी का महत्त्वाची, ते पुण्यातल्याच एका डॉक्टरांच्या छायाचित्राने जगाला दाखवलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा तो फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोघे आतून इतके वेगळे असू शकतात. तुमचं वजन अडकलंय पण कंबर उतरते आहे, तर काहीही बदलू नका, तसंच चालू ठेवा.

स्नायू टिकायला प्रथिनं लागतात. भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला ५५ ग्रॅम. प्रत्यक्षात माझ्या पोटात चाळीस-पंचेचाळीस जात होती, कारण आपल्या ताटात वरण पातळ असतं आणि वाटी लहान. वजन उतरवताना त्याहून जास्त लागतात. मी सत्तर-पंचाहत्तर गाठायचा प्रयत्न करते. सकाळी दोन अंडी, म्हणजे १२ ग्रॅम. दुपारी घट्ट वरण किंवा उसळ, मोठी वाटी. संध्याकाळी चहाबरोबर खारीच्या ऐवजी भाजलेले फुटाणे, मूठभर. रात्री ७५ ग्रॅम पनीर किंवा ३० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांची भाजी, त्यात १५ ग्रॅम मिळतात. वाटीभर दही. रात्री नऊनंतर जी खा-खा सुटायची ती यानेच थांबली. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

झोप

रात्री बाराला झोपून पहाटे पाचला टेकडीसाठी उठत होते आणि त्याचा मला अभिमान होता. शिकागोमध्ये २०१० साली दहा जणांना दोन आठवडे मोजून-मापून जेवण दिलं, एकदा साडेआठ तास झोपायला देऊन आणि एकदा साडेपाच. दोन्ही वेळा वजन तीन किलोंच्या आसपास सारखंच उतरलं, पण पूर्ण झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. बाकी स्नायू वगैरे. अभ्यास छोटा आहे, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. मी टेकडी सव्वासहाला नेली आणि फोन साडेदहाला बैठकीच्या खोलीत ठेवायला लागले. झोप सात तास झाली. दुपारचा तिसरा चहा आपोआप सुटला.

औषधं आणि आजार

वरचं सगळं तीन महिने नीट करूनही सरासरी आणि कंबर दोन्ही हलत नसतील, तर तपासणी करून घ्या. खाणं तेच असून वजन वाढतंय, कमालीचा थकवा आहे, थंडी सोसत नाही, केस गळतायत, पाळी अनियमित झाली आहे, अशा वेळी तर तीन महिनेही थांबू नका. टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) आणि बायकांना गरजेप्रमाणे पीसीओएसची (पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा विकार) तपासणी. थायरॉइड कमी काम करत असेल तर गोळीने ते सुधारतं, पण त्याने वाढलेलं वजन सहसा थोडंच असतं आणि त्यात बरंचसं पाणी. सगळे चार किलो गोळी उतरवेल अशी आशा धरू नका.

औषधांची यादी स्वतः लिहून काढा. स्टिरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, नैराश्यावरच्या आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, यांनी वजन वाढतं. माझ्या नणंदेचं वजन अशाच एका गोळीमुळे अडकलं होतं. डॉक्टरांनी पर्याय दिला आणि ते सुटलं. स्वतःच्या मनाने मात्र यातलं एकही औषध बंद करू नका.

दरवर्षी त्याच महिन्यांत परत का चढायचं

माझ्या तिन्ही परतीच्या तारखा वहीत एका रांगेत मांडल्या तेव्हा कळलं की तिन्ही वेळा वजन श्रावण ते दिवाळी या काळात परत आलं होतं. नारळीभात, गणपतीतले मोदक, नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा, मग फराळ. दरवर्षी मी याच काळात ‘यंदा कडक राहायचं’ ठरवत होते, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ते मोडायचं आणि मोडलंच आहे तर म्हणून नोव्हेंबरपर्यंत सगळं सुटायचं.

आता चातुर्मासात वजन उतरवायचं नाही, धरून ठेवायचं. वजन घटवायचं मागे लावून घ्यायचं नाही. तेलाची वाटी, सरासरीची नोंद आणि व्यायाम चालू. मोदक गरम असताना दोन खाते, दुसऱ्या दिवशी शिळे खात नाही. सरासरी किलोभर वर गेली तर चालेल, दोन किलो नाही. खरं उतरवणं दिवाळीनंतर होळीपर्यंत: हवा थंड, भाज्या मुबलक, हुरडा सोडला तर मोह कमी.

नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ असं केलं. रोज अडीचशे कॅलरींची तूट धरली तर कागदावर जवळपास चार किलो उतरायला हवे होते, उतरले अडीच. काही शनिवार निसटले आणि शरीराचा खर्चही सोबत घटत गेला. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातलं अर्धा किलो परत आलं, दोन टिकले. सध्याची सरासरी ६३.१, कंबर ८१.

तुम्ही आहारतज्ज्ञांकडे किंवा डॉक्टरांकडे जाणार असाल तर हे कागद सोबत न्या: आठ आठवड्यांच्या सरासऱ्या, कमरेची मापं, तेलाच्या कॅनच्या दोन तारखा, तीन दिवसांची ओट्यावरची वही (त्यात एक रविवार हवा), झोपेच्या वेळा आणि औषधांची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी हे घेऊन गेले तेव्हा समोरच्या बाईंनी तक्ता काढलाच नाही. वही पुढे ओढली, रविवारच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘इथून सुरू करू या.’